पुढचे खांब

अर्जुनीच्या स्टेशनावर बाबा मला सोडायला आले तेव्हा गाडीला अजून तासभर होता, आणि त्या तासाभरात आम्ही दोघं मिळून पंधरा शब्दही बोललो नाही. डिप्लोमा झाला होता, पुण्यात मेट्रोच्या कामावर सर्व्हेअरची नोकरी लागली होती. मेट्रो म्हणजे काय ते मलाच धड ठाऊक नव्हतं. रस्त्यावरून लांबलचक पूल बांधायचा आणि त्यावरून गाडी जाणार, एवढं बाबांना सांगितलं होतं. गाडी आली तसे ते म्हणाले, "पूल झाला का येजो वापस. तोवर मी पाहतो बांधी." बांधी म्हणजे आमचं भाताचं शेत.

मलाही ते अगदी पटलं होतं, याचं आता हसू येतं. पूल म्हटला की दुसरं टोक आलं, काम संपलं.

पहिली दोन वर्षं आम्ही रस्त्याच्या मधोमध पत्रे ठोकून जमिनीत भोकं पाडत होतो, खडक कुठे लागतो ते बघत. दुचाकीवाले जाता-येता आमचा उद्धार करायचे. पुणेकराची शिवी आधी समजून घ्यावी लागते, मग राग येतो. नंतर खांब उभे राहिले, खांबांवर टोप्या बसल्या, यार्डातून आलेले काँक्रीटचे सेगमेंट एकेक करून वर चढले. मी लेव्हल लावून मिलिमीटर मोजत राहिलो.

दर रोवण्याला, म्हणजे धान लावायच्या दिवसांत, बाबांचा फोन यायचा. "कुठवर आला पूल?"

"नदीपर्यंत आला, बाबा."

"मंग पुढल्या रोवण्याले येशीन."

मी हो म्हणायचो. पुढचा टप्पा मंजूर झाल्याचं मला माहीत असायचं, तरी हो म्हणायचो. आमच्या शेजारचे हिवराजभाऊ तलावाखालची ती दीड एकर बांधी ठेक्यानं मागत होते. बाबांचे गुडघे गेलेले, चिखलात पाय उचलत नव्हता. तरी दरवर्षी त्यांचं एकच उत्तर, "पोरगा येऊन राहिला." म्हणजे येतोच आहे. माझ्या एका हो-वर ते म्हातारपण रेटत होते, आणि मला ते कळत होतं. मी वाईट मुलगा नव्हतो, भित्रा होतो.

इकडे पहिली पाच-सहा स्टेशनं सुरू झाली तेव्हा लोक नटूनथटून नुसते बसून यायला आले. कामाला जायला म्हणून कोणी येत नव्हतं. मग नदीवरचा तुकडा जोडला गेला आणि दोन्हीकडची माणसं एकदम आत शिरली. आता सकाळी नऊला उभं राहायला जागा मिळत नाही. ज्या खांबांची उंची मी मोजली त्यांच्यावरून मीच धक्के खात साइटवर जातो. मधल्या काळात लग्न झालं, बायकोची नोकरी लागली, मुलगी शाळेत गेली. एवढ्या सगळ्यातून आता उपटून निघायचं त्राण माझ्यात राहिलं नाही.

गेल्या हिवाळ्यात बाबा आले. त्यांना पहिल्या स्टेशनापासून शेवटपर्यंत बसवून नेलं. खिडकीला हात टेकवून म्हणाले, "लय सरळ बांधला गा." मी फुशारलो. शेवटच्या स्टेशनावर उतरलो, तर प्लॅटफॉर्मच्या टोकाला जाऊन ते उभेच राहिले. पुढे रस्त्यावर नुसते खांब होते, वर सळ्या निघालेले, दिसेनासे होईपर्यंत.

"थे कोनाचे?"

"आमचेच. लाइन वाढवून राहिले."

"अन् त्याच्या पुढं?"

बाबा नजरेनं खांब मोजत गेले. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "आदीच सांगाचं ना बाबू. मी का काई म्हटलं असतं तुले?" ते रागावले असते तर बरं झालं असतं.

गावी परतल्यावर आठवड्याभरात त्यांनी बांधी हिवराजभाऊंना ठेक्यानं दिली.

या रोवण्याला मी चार दिवस रजा काढून गेलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, आणि तेही आता काही उपयोग नसताना. तुमच्यातले जे माझ्यासारखे निघून गेलेत त्यांना हे कळेल. बांधीत बाया रोवत होत्या. मी चप्पल काढली, तेवढ्यात बाबांनी माझ्या दंडाला धरलं. "थांब जरा. हिवराजले इचारून येतो." आणि ते दुखऱ्या गुडघ्यांनी धुऱ्याच्या बांधावरून पलीकडे निघाले.

लहानपणापासून मला अरे-तुरे करणाऱ्या हिवराजभाऊंनी दुरूनच मला हात जोडले. "या ना भाऊ, या. इचारता कायले? तुमचीच बांधी होय."

मी पँट दुमडून चिखलात उतरलो. जे आपलं आहे असं दुसऱ्यानं सांगावं लागतं, ते आता माझं घर.