एरंडेलाआधीचे पोट

करी रोडच्या त्या चाळीत मी बर्फाची पेटी घेऊन पोहोचले, तेव्हा मुलगी जिना उतरत होती. बसून, एकेका पायरीवर. वय सात; दोन्ही गुडघे सुजलेले, सकाळी हमखास आखडणारे.

लहान मुलांच्या संधिवातात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. कोणावर चालून जायचे आणि कोणाला सोडायचे, हे ती बऱ्याच अंशी आतड्यात शिकते, आणि तिथले जिवाणू तिच्या शिक्षकांपैकी असतात. या मुलांच्या आतड्यांतली जिवाणूंची वस्ती वेगळी दिसते. पण हे वेगळेपण मुळातले, की औषधांनी घडवलेले? हे तपासायचे तर उपचार सुरू होण्यापूर्वीची विष्ठा हवी. परळला आमच्या रुग्णालयात पोहोचणारी बहुतेक मुले आधीच काही ना काही औषधे घेऊन आलेली असतात. ही अपवाद होती. तिचे औषध दुसऱ्या दिवशी सुरू होणार होते. म्हणजे नमुना आजच हवा होता.

तिला सांभाळणाऱ्या आत्याने नमुन्याची डबी माझ्या हातात दिली. आत नुसते पाणी.

"जुलाब होतायत का हिला?"

"छे! काल एरंडेल दिलं. एवढ्या मोठ्या तपासणीला द्यायचं, तर पोट स्वच्छ नको?"

"चहातून दिलं. फसवून," मुलगी म्हणाली.

"गप गो! सरळ घेतलं असतंस?"

मी त्यांना प्रतिजैविकांबद्दल दोनदा विचारले होते. एरंडेलाबद्दल नाही. गिरगावात आमच्याही घरी मे महिन्याची सुट्टी संपली की आम्हा भावंडांना ओळीने उभे करून ते पाजले जाई. तरीही त्याची गणना मी कधी औषधात केली नव्हती. ज्या वस्तीची मोजदाद मला करायची होती, ती रात्रीतून धुऊन निघाली होती.

आत्याने माझा चेहरा वाचला. "मग औषधाला पंधरा दिवस थांबू की, मॅडम. पोट परत जागेवर येईल. इतके महिने काढलेच ना हिने!"

हिशेब चुकीचा नव्हता. वस्ती बरीचशी पूर्ववत झाली असती, आणि माझ्या पहिल्या स्वतंत्र कामाला असा नमुना पुन्हा कधी मिळेल, याची खात्री नव्हती. मी फक्त मान डोलवायची होती.

मुलगी आता जिना चढत होती. वरच्या पायरीवर तळहात टेकायचे, मग मागून पाय ओढायचा.

"नाही," मी म्हणाले. "औषध उद्याच सुरू करायचं. डॉक्टरांनी सांगितलंय तसंच."

"आणि तुमचं काम?"

"ते माझं मी बघते. तुम्ही उद्या सकाळी हिला घेऊन या."

"बघा हं. नंतर म्हणाल, आत्याने घोटाळा केला."

"केलातच," मी म्हणाले, आणि दोघीही हसलो. डबी मात्र मी टाकून दिली. तिचा निष्कर्ष काहीही निघाला असता, तरी तो एरंडेलाचा असता.

ती मुलगी आता कठडा धरून, उभ्याने जिना उतरते. माझ्या अभ्यासात ती नाही.

त्यानंतर भोईवाड्यात एका घरी गेले. उपचार सुरू न झालेला दुसरा रुग्ण मिळायला बराच काळ गेला होता. पेटी उघडण्याआधी मी आईला विचारले, "पोट साफ व्हायला काही दिलंय?"

"अजून नाही. आज रात्री देणार होते."

"देऊ नका," मी म्हणाले, आणि मग डबी बाहेर काढली.