रापणीत आलेला पेंढ्याचा माणूस

मालवणात माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. लोकांच्या टीव्हीच्या पोटात काय काय असतं ते सांगितलं तर तुम्हाला जेवण जाणार नाही – वाळलेल्या पाली, झुरळांची अंडी, एकदा तर उंदरिणीचं अख्खं बाळंतपण. त्यामुळे मला सहसा कशाची किळस येत नाही. आणि भुताखेतांवर तर माझा काडीचाही विश्वास नव्हता. पडद्यावर भूत दिसलं तर अँटेना वाकडी झालीय, इतकं साधं माझं शास्त्र. हे लिहिताना मात्र तोंडाला कडू पाणी सुटतंय.

गोष्ट २००३ च्या हिवाळ्यातली, माझ्या गावची, तोंडवलीची. माझे काका त्याच्या चार वर्षं आधी मासेमारीला गेले ते परत आलेच नाहीत. होडी आचऱ्याच्या बाजूला उलटी सापडली, माणूस सापडला नाही. असं झालं की आमच्याकडे दर्भाचा माणूस करतात, डोक्याच्या जागी नारळ ठेवतात आणि त्यालाच अग्नी देऊन दिवसकार्य उरकतात. काकी मात्र ते करू देईना. वडिलांनी समजावलं, भटजींनी समजावलं. तिचं एकच, ते सापडणार – "ते गावतले. जित्या माणसाक मी आग लावूचंय नाय."

रापण म्हणजे किनाऱ्यावरून दोन्ही बाजूंनी माणसांनी ओढायचं लांबलचक जाळं. गावाची रापण वर आली की काकी येऊन उभी राहायची आणि मासळीच्या आधी स्वतः जाळ्यात बघायची. तिला कोणी हटकत नसे. ती नीट जेवत नव्हती, धड झोपत नव्हती, वाळून काठी झाली होती. असंच चाललं तर काकांच्या मागोमाग तीही जाईल, ही आमच्या घराला खरी भीती होती.

अशात मुंबईची शूटिंगवाली मंडळी आली. किनाऱ्यावरच्या एका चक्रम गावात दर आठवड्याला एक खून, अशी ती रहस्यमालिका. त्यातला डिटेक्टिव्ह होता रिटायर्ड होमिओपॅथ आणि तो प्रेताचा वास घेऊन खुनी सांगायचा! लोक आवडीने बघायचे, खोटं कशाला बोलू, मीही बघायचो. या भागात एका मच्छीमाराचं प्रेत रापणीत येतं आणि डिटेक्टिव्ह त्याचा वास घेतो, असा सीन होता. आमच्या रापणीच्या लोकांनी जाळं ओढून द्यायचं कबूल केलं होतं. मीही हौसेने दोराला उभा राहिलो.

प्रेत म्हणून त्यांनी एक बाहुला बनवला. पोत्यात भाताचा पेंढा ठासलेला, अंगात मालवणच्या बाजारातून आणलेला चौकड्याचा शर्ट, आणि डोकं म्हणजे नारळ – विग त्यावर नीट बसतो म्हणून. रापणीतले सगळ्यात जुने नाना ते बघून पुढे आले. मग डायरेक्टरकडे जाऊन म्हणाले की असा माणूस आमच्यात फक्त जाळायला करतात, तो पाण्यात टाकू नका, निदान डोकं तरी बदला. डायरेक्टरने गॉगल कपाळावर सरकवला आणि म्हणाला, "ग्रेट, हे आपण डायलॉगमध्ये घेऊ." मला तिथेच त्या माणसाची शिसारी आली. नाना बाजूला जाऊन उभे राहिले, त्यांनी दोराला हात लावला नाही.

आईने काकीला सांगितलं होतं की आज रापण नाही.

पहिल्या दोन टेकला काही झालं नाही. ओला पेंढा आला, पुन्हा होडीतून नेऊन जाळ्यात टाकला. तिसऱ्या टेकला बाहुला पाण्यात होता तो डायरेक्टरचा एक चहा पिऊन होईपर्यंत, जास्त नाही. दोर ओढताना जड लागला. आणि जाळं दिसायच्या आधी वास आला.

काय सांगू तो वास... मी मासळीच्या गावात वाढलोय, सडलेली मासळी मला नवी नाही. हे ते नव्हतं. कोणीतरी तो वास चमच्याने घशात घालतंय असं वाटत होतं. जाळं वर आलं तेव्हा बाहुला फुगून टम्म झाला होता. शर्टाला हिरवं शेवाळ. मानेला आणि मनगटांना खडकावर धरतात तशी कालवं, शिंपल्यांसकट, चिकटलेली – लहान नाहीत, चांगली मोठी, जी धरायला महिनेच्या महिने लागतात. पोटाजवळची शिवण उसवलेली आणि तिच्यातून नांग्या हलवत कुर्ल्या बाहेर येत होत्या, एकामागून एक, सावकाश. विग मात्र तोच होता. नारळाला चेहरा नव्हता एवढंच बरं.

बाहुला बनवणारा पोरगा पांढराफटक पडला, म्हणाला मी हे केलेलं नाही. डिटेक्टिव्ह स्क्रिप्टप्रमाणे वास घ्यायला वाकला आणि तिथेच भडाभडा ओकला. डायरेक्टर काय म्हणत होता? कॅमेरा बंद करू नका, क्लोजअप घ्या. इतका खूश झालेला माणूस मी लग्नातही बघितलेला नाही.

तेवढ्यात काकी धावत आली. तिला कोणी सांगितलं देव जाणे. सरळ कॅमेऱ्यासमोर आली, त्या घाणीजवळ बसली आणि हातांनी एकेक कुर्ली उचलून बाजूला टाकू लागली. रडली नाही.

"आता गावलात," ती त्याला म्हणाली. "चला, घराक चला."

डायरेक्टरला तो बाहुला दुसऱ्या दिवशीच्या पोस्टमॉर्टेमच्या सीनसाठी हवा होता! तसं त्याने बोलूनही दाखवलं. नानांनी रापणीची माणसं भोवती उभी केली तेव्हा कुठे त्याने नाद सोडला. त्याच संध्याकाळी आम्ही बाहुल्याला गावच्या स्मशानात अग्नी दिला. पेंढा जळताना कसा वास येतो ते मला ठाऊक आहे. तो वास पेंढ्याचा नव्हता. मी घरी येऊन साबण लावून लावून आंघोळ केली, तरी कितीतरी दिवस हाताला तो वास यायचा म्हणून चमच्याने जेवलो.

पण काकी सुधारली. दिवसकार्य झालं, ती नीट जेवू लागली, झोपू लागली, टोपली घेऊन मालवणच्या बाजारात मासे विकायला बसू लागली. आमच्या घराचा जीव भांड्यात पडला. मी मनाला सांगितलं, कसं का होईना, झालं ते बरंच झालं.

पुढे तो भाग टीव्हीवर लागला. काकीला बघू देऊ नकोस असं मी आईला बजावलं होतं, पण काकी स्वतःच येऊन पुढे बसली. रापणीचा सीन आला. दोर ओढणारा मी दिसलो. डिटेक्टिव्ह वाकला आणि ओकला. त्यावर त्यांनी विनोदी म्युझिक टाकलं होतं, नालायकांनी. मग डावीकडून काकी धावत आली. म्हणजे तिसराच टेक, शंकाच नको.

तिच्यासमोर वाळूत पडला होता ओल्या पेंढ्याचा स्वच्छ बाहुला. शर्टाच्या चौकड्या मोजता येत होत्या. ना शेवाळ, ना कालवं. काकी त्या कोऱ्या शर्टावरून काहीतरी उचलत होती आणि बाजूला टाकत होती, आणि तिच्या बोटांत काहीच नव्हतं.

"हे ते न्हय," काकी म्हणाली आणि उठून गेली.

मी त्या मंडळींना फोन केला. ते म्हणाले, आम्ही काही बदललेलं नाही, टेपवर होतं तेच दाखवलं, उलट त्या दिवशी तुम्ही सगळे असे का वागलात ते आम्हालाच कळलं नाही. डायरेक्टरला ते क्लोजअप आठवतसुद्धा नव्हते. तो भाग मी रेकॉर्ड केला होता, दुकानात बसून पुढे-मागे करून डोळे फुटेस्तोवर पाहिला. टेपमध्ये काही खोट नाही. आणि माझ्या नाकात बसलेला तो वास, तोही खोटा नाही. दोन्हींचा मेळ मला आजपर्यंत घालता आलेला नाही. कोणाला जमला तर कळवा, पण मालिकेचं कौतुक तेवढं मला ऐकवू नका.

काकीचं जेवण पुन्हा तुटलंय. मी गावी गेलो की टीव्हीतलं सगळं मलाच कळतं अशा भरवशाने ती जवळ येऊन बसते, आणि दर वेळी तेच विचारते.

"मगे आमी जाळलो तो कोण रे?"