मामांचा डावा हात आणि सोनोग्राफीचं मशीन

आमच्या मामांच्या प्रत्येक शर्टाला एकच बाही असायची. उजवी. डावी शिवायचीच नाही, असं आखाडा बाळापूरच्या शिंप्याला त्यांनी कधीकाळी सांगून ठेवलं होतं, आणि तो शिंपीही आता विचारत नसे. पस्तीस वर्षं जो हात खांद्यापर्यंत आत घालून गायीम्हशी तपासल्या, त्या हाताला बाही म्हणजे नुसती धुण्याची कटकट, असं त्यांचं म्हणणं. एकदा झेंडावंदनाला ते दोन बाह्यांचा शर्ट घालून आले, तर मी ओळखलंच नाही. "आपलं काय काम होतं?" असं मीच त्यांना विचारून बसले.

आखाडा बाळापूरच्या जनावरांच्या दवाखान्यात मी डॉक्टर म्हणून नगरकडून आले, तेव्हा सगळं गाव ज्यांना मामा म्हणे, ते तिथे पशुधन पर्यवेक्षक होते. कागदावर माझ्या हाताखाली. गावात मात्र बातमी उलटी जायची : "मामा आलेत, अन् त्यांच्यासंगं डॉक्टरीणबाई बी आल्यात."

गायीला हात लावण्याआधी मामा तिची परवानगी काढत. खांद्यापर्यंतचा प्लास्टिकचा हातमोजा चढवायचा, तिच्या पाठीवर उजवा तळवा ठेवायचा आणि हळू आवाजात म्हणायचं, "माय, जरा तकलीफ देतो. राग धरू नको." मग थांबायचे. गायीने शेपटी सैल सोडली की काम सुरू. मी पहिल्याच आठवड्यात हे न करता घाई केली आणि मांडीवर लाथ खाल्ली. मला उठवताना मामा एवढंच म्हणाले, "तुमी तिला नाव बी न्हाई सांगितलं, म्याडम."

मी सोनोग्राफीचं छोटं मशीन आणलं, तेव्हा मला धास्ती होती ती मामांचीच. ज्या माणसाच्या हातावर पंचक्रोशीचा विश्वास, त्याला हे मशीन चारचौघांत खोटं पाडणार, आणि तो लोकांच्या मनातून उतरणार. मामांनी मशीन स्वतःच्या उपरण्याने पुसलं, पडद्यात वाकून बघितलं आणि विचारलं, "गर्भपिशवीच्या आतलं दिसतं म्हणता?"

"दिसतं, मामा."

"मग इतके दिवस काहून आणलं न्हाई? मी पस्तीस वर्षं चाचपून राहिलो की!"

मशीन घेऊन गेलो त्या पहिल्याच गावात एका आजीने आम्हाला अडवलं. "हे मशीन तर सरकारनं बंद केलं ना? पोरगं का पोरगी बघायचं?" मी कायदा समजावून सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात मामा म्हणाले, "ते माणसाचं, आजी. गायीला पोरगी झाली तर लोक पेढे वाटतेत." आजी म्हणाली, "गायीचं नशीब बरं म्हणायचं," आणि स्वतःच हसत वाटेतून बाजूला झाली.

मग आमची रोजची स्पर्धा सुरू झाली. आधी मामांचा हात, मग माझं मशीन. मामा आपला निकाल पेनाने उजव्या तळव्यावर लिहून मूठ मिटून उभे राहत. मी पडदा बघून "गाभण" म्हटलं की मूठ उघडायची. दोन महिन्यांच्या पुढची गाभण गाय त्यांनी एकदाही चुकवली नाही. त्याच्या आत मात्र ते तळवा कोराच ठेवत. "तिथं माझा हात मुका हाय," असं मोकळेपणी सांगत. एवढ्या नावाजलेल्या माणसाच्या तोंडी असं वाक्य मी आधी कधी ऐकलं नव्हतं.

वारंगा फाट्याच्या अलीकडे पार्वतीबाई राहायच्या. घरात त्या आणि त्यांची एक संकरित गाय, चंद्री. चंद्री तीनदा भरवूनही, म्हणजे कृत्रिम रेतन करूनही, उलटली होती : गाभ न धरता पुन्हा माजावर आली होती. चौथ्यांदा भरवून महिना झाला, आणि एका सकाळी ती पुन्हा हंबरायला लागली, शेजारच्या गायीवर उडायला लागली. आम्ही पोचलो तर दारात व्यापाऱ्याचा टेम्पो इंजिन चालूच ठेवून उभा.

पार्वतीबाईंचे डोळे लाल झाले होते. "मामा, शेवटचं बघा. आता भरवून ठरत असंल तर भरवा, न्हाईतर ही जाऊन राहिली."

मामांनी वीर्याची कांडी कोमट पाण्यातून काढली, नळीत बसवली, ती दातांत धरली आणि डावा हात आत घातला. मग ते थबकले. नळी तोंडातून काढून माझ्याकडे वळले.

"म्याडम, हिचं वागणं माजाचं हाय, पण पिशवी माजाची न्हाई. माजावरची पिशवी कशी टणक लागती. ही मऊ हाय. मशीन लावा."

पडद्यावर आधी करडी धूसर रेघोटी, मग काळं पाणी. त्या पाण्यात चिंचोक्याएवढा पांढरा ठिपका. आणि ठिपक्याच्या मधोमध काहीतरी भरभर लवत होतं.

चंद्री गाभण होती. काही गायी गाभण असतानाही माज दाखवतात, त्यातली ती एक.

उन्हात पडदा नीट दिसेना, म्हणून मामांनी आपलं उपरणं पार्वतीबाईंच्या डोक्यावरून पडद्यापर्यंत ओढलं आणि स्वतः बाजूला झाले. उपरण्याखालून आवाज आला, "हे फडफडतंय ते काय?"

"काळीज हाय, बाई. वासराचं. चालू हाय."

उपरणं तसंच हलत राहिलं. बाई आत हसत होत्या की रडत होत्या ते आम्हाला कळेना. व्यापारी पुढे येऊन म्हणाला, "गाभण असंल तर मी आजच नेतो की!" पार्वतीबाई उपरणं फेकून ताठ उभ्या राहिल्या. "टेम्पो मागं घे. माझ्या लेकराला धूर लागून राहिला."

परत आल्यावर जीपमधून उतरताना मामा म्हणाले, "म्याडम, आज नळी आत गेली असती तर ते ठिपकं गेलं असतं. मग माझ्या या हातानं आजवर अशी किती गेली असतील?"

"तेव्हा दिसत नव्हतं, मामा," मी म्हणाले.

"बराबर हाय. पण आता दिसतंय ना."

दुसऱ्या दिवसापासून मामा कामाला लागले. आसपास कृत्रिम रेतन करणारे जेवढे होते, त्यांना चहाला बसवून सांगायचे : एकदा भरवलेली गाय पुन्हा माज दाखवते म्हटलं, की बघितल्याशिवाय नळी घालू नका. आपली चूक ते सगळ्यांत आधी सांगत, म्हणून कोणी वाद घातला नाही. पुढे मशीनही ते स्वतः चालवू लागले, आणि खरं सांगते, माझ्यापेक्षा चांगलं. मला पडद्यात शोधावं लागे. त्यांचा हात वाट ओळखत होता. चंद्रीला कालवड झाली, तेव्हा पार्वतीबाईंनी गावभर पेढे वाटले. मामांनी ते खाल्ले नाहीत, साखर वर्ज्य होती. पण पुडा घेऊन अख्ख्या बाजारात फिरले.

मामा निवृत्त झाले त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात माझी बदली झाली. मी सामान बांधत होते, तर मामांचा फोन : "जाण्याआधी एकदा घरी या. मशीन घेऊन."

दारात एक तरणी, देवणी जातीची गाय बांधलेली होती. पांढरी, काळ्या ठिपक्यांची, अंग तुकतुकीत. जन्मभर दुसऱ्यांच्या गोठ्यात वावरलेल्या मामांनी पहिल्यांदा स्वतःची गाय घेतली होती. भरवून पाच आठवडे झाले होते.

"हे घ्या मशीन, तुम्हीच बघा की, मामा. तुमच्या हाताला काय अवघड?"

त्यांनी डावा हात मागे घेतला. "हिला बघायचं म्हटलं की हात धजत न्हाई. दोनदा हातमोजा चढवला अन् काढला."

मी बघितलं. काळं पाणी, पांढरा ठिपका, लवणारं काळीज. पडदा त्यांच्याकडे फिरवला. मामांनी चष्मा वर केला, खाली केला, पुन्हा वर केला. मग मला "थांबा" म्हणायचंही भान त्यांना राहिलं नाही. "अगं ए, गाभण हाय! आपली गाय गाभण हाय!" असं ओरडत ते मामींना शोधत घरात शिरले. मामी घरात नव्हत्या, म्हणून तसेच मागच्या दाराने गल्लीत गेले.

मी गोठ्यात एकटीच उभी होते. गाय शांतपणे रवंथ करत होती. गल्लीतून मामांचा आवाज लांब लांब जात होता. एका दाराशी थांबायचा, तेच सांगायचा, आणि पुढच्या दाराकडे निघायचा.