कुंपणापलीकडची हरळी

आमच्याकडे लॉन म्हटलं की बंगल्यापुढचं गवत कोणाच्या डोळ्यांसमोर येत नाही. लॉन म्हणजे लग्नाची जागा. एका टोकाला स्टेज, दुसऱ्या टोकाला जेवणाचा मांडव आणि मधे गवत. नालवाडीच्या पुढे बाबांची दोन एकर जमीन होती. कापडाचं दुकान सांभाळून शेती होत नाही हे बरीच वर्षं पाहिल्यावर त्यांनी तिथे लॉन केलं. त्याच सुमारास माझं नागपूरचं कॉलेज संपलं आणि मी घरी बसून परीक्षेचा अभ्यास करू लागले. घरच्यांच्या मते मी मोकळी होते.

गवताचे चौकोनी तुकडे ट्रकमधून उतरले त्या दिवशी मी तिथेच होते. नर्सरीवाल्याने गवताचं इंग्रजी नाव दोनदा सांगितलं. शेजारच्या काकू तारेच्या कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांचं वावर आमच्या जमिनीला लागून आहे. कपाशी आणि तूर काका पाहतात. कुंपणालगतची लांब पट्टी मात्र काकूंची. तिथे त्या पालक, मेथी आणि सांबार लावतात, म्हणजे कोथिंबीर, आणि सकाळी वर्ध्याच्या बाजारात नेऊन विकतात. त्या पट्टीत काय पेरायचं हे काकाही त्यांना विचारून ठरवतात.

काकूंनी तारेतून हात घालून गवताची एक काडी ओढून घेतली. तिच्या पेरांवरून नख फिरवलं.

"भाऊ, हे तं हरळीच आहे," त्या बाबांना म्हणाल्या. "आम्ही जलमभर उपटून राह्यलो, अन् तुम्ही विकत आणली?"

ट्रकवरची माणसं हसली. बाबाही हसले. ही बागेतली जात आहे, ती शेतातली वेगळी, असं त्यांनी समजावलं. काकू म्हणाल्या, पेरं तीच आहेत. त्या हसत नव्हत्या. हरळी जमिनीत एकदा शिरली की वरून काढून उपयोग नसतो, तुकडा राहिला की तुकड्याचं गवत होतं, हे त्यांनी बाबांना शांतपणे ऐकवलं. त्यांच्या पट्टीत ती आली तर सांबार संपलाच. बाबांनी तिथल्या तिथे शब्द दिला की गवत आणि कुंपण यांच्यामध्ये हातभर जागा कायम उघडी राहील. त्यासाठी खास मशीन मागवली आहे.

मशीन खरोखरच मागवलेली होती, पण काकूंसाठी नाही. बाबांना लॉनची कड सरळ हवी होती. फोटोत कड दिसते, असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. खोक्यावर इलेक्ट्रिक एजर असं लिहिलं होतं. लांब दांडा, खाली चाक, आणि चाकाशेजारी उभं फिरणारं पोलादी पातं. पातं बोटभर जमिनीत उतरवून चालत राहायचं, की गवताची कड सुरीने कापल्यासारखी निघते. माळीदादांनी पातं फिरताना पाहिलं आणि म्हणाले, "मले दोनच पाय आहेत ताई." ते पाणी देतील, गवत कापतील, पण हिला हात लावणार नाहीत. माहितीपुस्तिका इंग्रजीत होती. बाबांनी ती माझ्याकडे दिली. "तुले वाचता येते, तूच चालव."

मी पुस्तिका दोनदा वाचली. पायात जाड बूट, डोळ्यांवर चष्मा, वायर खांद्यावरून मागे. जमीन ओली असताना चालवू नये. आमची काळी माती ओली असली तर पातं तिच्यात रुततं आणि मोटर नुसती घुमत राहते, हे पुस्तिकेत नव्हतं, ते मला पहिल्या आठवड्यात कळलं. दोन दिवस उघाड मिळाली की तिसऱ्या दिवशी मी जायचे.

ते काम मला आवडू लागलं. मशीन चालू असताना कोणी बोलायला येत नाही. मला वऱ्हाडी सगळी समजते, पण बोलायला गेले की तोंडातून पाठ्यपुस्तकातल्यासारखं मराठी निघतं, आणि मग समोरची माणसं माझ्याशी पाहुण्यासारखी वागू लागतात. म्हणून मी बहुतेक वेळा हसते. काकू पट्टीत निंदत असायच्या. मी मशीन बंद केली की कधी कधी मान वर करायच्या. "गवताचा भांग पाडून राह्यली का वं?" त्यांनी एकदा विचारलं. मी हसले.

कुंपणाच्या बाजूला मशीन दोन्हीकडून चालवता येत होती. एका टोकाने सुरुवात केली की कापलेलं गवत लॉनवर पडायचं आणि नंतर झाडावं लागायचं. उलट टोकाने आलं की ते कुंपणाकडे उडायचं. मी दुसरी दिशा घेतली. हा निर्णय मी पहिल्याच दिवशी घेतला आणि त्याला फार वेळ लागला नाही. पुस्तिकेत लिहिलं होतं की उडणारा कचरा माणसांपासून दूर जाईल असं उभं राहावं. कुंपणाकडे तेव्हा कोणी नव्हतं.

पोळा झाला, गणपती झाले. भाद्रपद संपता संपता काकूंच्या सांबारात हरळी दिसू लागली.

काकूंनी बाबांना बोलावलं. बाबांनी त्यांना आमची कड दाखवली. हातभर काळी माती, माळीदादांनी निंदून स्वच्छ ठेवलेली, एक धाटही पुढे आलेलं नाही. काकूंनी वाकून पाहिलं, मातीत बोट घालून पाहिलं. आमच्या बाजूने काहीच गेलेलं नव्हतं. मग बाबा म्हणाले, "वयनी, शेणखतातून आलं असन." हे पटण्यासारखं होतं. शेणखतातून हरळी येते, हे सगळ्यांना माहीत असतं. त्यांच्या पट्टीतलं खत समुद्रपूरकडून यायचं, काकूंच्या भावाच्या गोठ्यातून, दर उन्हाळ्यात एक ट्रॉली. काका तिथेच उभे होते. "माहेरची भेट उगवली वाटते," ते म्हणाले. काकू पुन्हा निंदायला बसल्या. चार दिवसांनी माळीदादांकडून कळलं की त्यांनी भावाला फोन करून यंदा खत पाठवू नको असं सांगितलं होतं, आणि फोन फार चांगला झाला नव्हता.

मला खरं कशामुळे कळलं ते सांगायला हवं. पात्यावरचं झाकण मी कधी साफ केलं नव्हतं. दसऱ्याला हत्यारांची पूजा करायची म्हणून बाबांनी सगळी अवजारं पुसायला सांगितली. झाकण उघडलं तर आत चिखलात गवताचे तुकडे चिकटलेले होते, बोटाच्या पेराएवढे. मशीन शेवटची चालवल्याला आठवडा झाला होता. त्यांतल्या तीन तुकड्यांना पांढरी मुळं फुटली होती. माती म्हणावी इतकी मातीही तिथे नव्हती.

मी कुंपणाशी जाऊन पाहिलं. काकूंच्या पट्टीतली हरळी सगळीकडे नव्हती. कुंपणाजवळ दाट, पुढे विरळ. साधारण चार हातांवर संपत होती. गवत उडून जितकं दूर जाईल तितकंच.

त्या संध्याकाळी मी बाबांना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तू कोणाले बोलली तं नाई ना?" तुळशीच्या लग्नानंतर आमच्याकडे पहिलं लग्न होतं. आता शेजाऱ्यांशी वाद नको, सीझन होऊन जाऊ दे, मग आपण माणूस लावून त्यांची पट्टी साफ करून देऊ, असं त्यांचं म्हणणं होतं. ते वाईट हेतूने बोलत नव्हते. मीही वाद घातला नाही. पुढच्या वेळी मशीन उलट दिशेने चालवली आणि पडलेला सगळा कचरा गोळा करून पोत्यात भरला. काकूंनी ते पाहिलं. काऊन झाडून राह्यली, असं त्यांनी विचारलं. मी हसले. ते हसणं मला अजून आठवतं.

त्यानंतरच्या सोमवारी सकाळी काका पाठीवर फवारणीचा पंप बांधून पट्टीच्या टोकाशी उभे होते. काकू बांधावर बसून होत्या. माळीदादांनी मला सांगितलं की काका तणनाशक मारणार आहेत, पूर्ण पट्टीवर. खत पूर्ण पट्टीत पसरलेलं होतं, तेव्हा हरळीही पूर्ण पट्टीत असणार, आज दिसली नाही तर उद्या दिसेल. सगळं जाळून टाकायचं आणि हरभरा पेरायचा. हरभरा म्हणजे काकांचं पीक. काकूंना पुन्हा भाजी लावायला कुठली जागा मिळेल, यावर घरात काही बोलणं झालेलं नव्हतं.

मी फाटकातून बाहेर पडून रस्त्याने वळसा घालून त्यांच्या वावरात गेले. त्याआधी मी तिथे कधीच गेले नव्हते.

"काकू, ते खतातून आलेलं नाही," मी म्हणाले. "माझ्या मशीनमधून उडालं. मी तिचं तोंड तुमच्याकडे करून चालवत होते."

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. मला वाटलं त्यांना माझं बोलणं समजलं नाही, म्हणून मी पुन्हा सांगितलं. कुंपणापासून चार हातच आहे, त्याच्या पुढे नाही. काकू उठल्या. कुंपणापाशी गेल्या आणि तिथून एकेक पाऊल टाकत आत आल्या. पाचव्या पावलाशी सांबार दोन्ही हातांनी बाजूला करून मुळाशी पाहिलं. सातव्या पावलाशी पुन्हा पाहिलं. मग सरळ झाल्या.

"अन् मी भावाले बोलली," त्या म्हणाल्या. हे त्या मला म्हणाल्या नाहीत.

नंतर काकांना म्हणाल्या, "पंप उतरवा."

काकांनी पंप उतरवला, पण घाई केली नाही. त्यांनी हरळीकडे पाहिलं, कुंपणाकडे पाहिलं, माझ्या बुटांकडे पाहिलं. "पेरणी चांगली जमते तुले," ते म्हणाले. "एकबी तुकडा वाया नाई गेला."

मी त्यांना सॉरी म्हणाले. तो शब्द तिथे फार लहान वाटला, आणि दुसरा मला येत नव्हता.

"आता उभी काऊन आहे?" काकू म्हणाल्या. "बस खाली."

त्यांनी दिलेलं खुरपं मी उलटं धरलं होतं. ते त्यांनी माझ्या हातात नीट दिलं. हरळी ओढायची नाही, ओढली की तुटते. धाटाच्या मागे मागे मातीत जायचं, संपेपर्यंत. निघालेला प्रत्येक तुकडा पोत्यात, जमिनीवर एकही नाही. चार हात रुंदीतला सांबार उपटून टाकावा लागला. त्यातला बराचसा चांगला होता. दहा दिवस मी सकाळी जात होते. बाबा पहिले दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी माळीदादांनाही पाठवलं, आणि संध्याकाळी स्वतः बांधावर येऊन काकूंना म्हणाले की खताचं ते न पाहता बोलले होते. काकूंनी त्यांना चहा दिला.

एका सकाळी काकूंनी खुरपं ठेवलं, मोबाइल काढला, भावाला लावला आणि माझ्या हातात दिला. "माह्यावर विश्वास नाई बसत त्याचा. तू सांग." मला अनोळखी माणसांशी फोनवर बोलता येत नाही, घरचे गॅसचा नंबरही मला लावायला सांगत नाहीत. पलीकडून हॅलो ऐकू आलं. मी मशीनपासून सुरुवात केली. मधे दोनदा थांबले. शेवटी तो माणूस म्हणाला की त्याला समजलं, आणि ट्रॉली केव्हा पाठवू ते बहिणीला विचार. मी विचारलं. "होळीनंतर पाठवजो म्हण," काकू म्हणाल्या. मी ते जसंच्या तसं त्याला सांगितलं.

दिवाळीआधी त्या चार हातांत काकूंनी मेथी टाकली. बाकीची पट्टी जशी होती तशी राहिली. कुंपणाच्या बाजूची कड मी आता मशीनने कापत नाही, खुरप्याने काढते. ती बाबांना हवी तितकी सरळ येत नाही, पण ते चालवून घेतात.

मेथी पाचव्या दिवशी उगवली. आठव्या दिवशी काकूंनी मला हाक मारली. आम्ही दोघी उकिडव्या बसून कुंपणापासून आतपर्यंत पाहत गेलो. हरळी तीन ठिकाणी होती. दोन मी काढल्या. तिसरी खोल गेलेली होती. ती काकूंनी काढली.