जिजीच्या माश्या

आमच्या कॉलनीत पुण्य फुकटात कमावतात. पहाटे फिरायला निघायचं, परक्याच्या कुंपणातली फुलं पिशवीत भरायची आणि आपल्या देवांना वाहायची. शेजारच्या जिजीच्या फाटकाशी मात्र हा धंदा बुडायचा. ती दात घासता घासता हटकायची, "देवले काय कमी शे? हाई माशीस्नं जेवन शे. ठेव खाली." भलेभले फुलं ठेवून मुकाट्याने निघून जायचे.

तापीकाठची चांगली शेती सोडून ती मुलाकडे नंदुरबारला राहायला आली होती. फाटकाजवळच्या चिंचोळ्या पट्टीत तिने गिलक्यांचा वेल लावला. फुलं मोप आली, गिलकं एक नाही. कारण काय, तर कॉलनीत मधमाशी फिरकतच नव्हती. मग तिने माश्यांसाठी झेंडू लावला, सब्जा लावला, पाण्यात खडे टाकलेली परात ठेवली. कोथिंबीर आणि मुळा खुडायची बंदी झाली, कारण त्यांना फुलं यायला हवीत. दारात कोथिंबीर फुललेली आणि सून कोथिंबीर आणायला बाजारात! सुनेने काय काय बोलून घेतलं ते मी लिहीत नाही.

आमच्या गच्चीवरचा दुधीही वांझोटाच होता. मी जिजीला म्हटलं, पाणी तर रोज घालतो. तर भर गल्लीत म्हणाली, "नुसतं पानी टाकीसन पोरं व्हतस का, भाऊ?" माझी बायको हसून हसून पायरीवर बसली. दुसऱ्याच दिवशी आम्ही सब्जा लावला.

नातीच्या साखरपुड्याला पाहुण्यांना माश्या चावतील म्हणून मुलाचा जीव वरखाली. त्याने सरळ गावाहून कपाशीवर औषध मारणारा गडी बोलावला. तो पाठीवर पंप घेऊन आला, तर जिजी नवं रेशमी लुगडं नेसून वाफ्यात खुर्ची टाकून बसलेली. "मार," ती म्हणाली. "पहिले मन्हा अंगवर मार." गड्याने पंप उतरवला आणि चहा मागितला. माश्या त्या दिवशी कुणालाच चावल्या नाहीत. डंख मारायचं काम सोयऱ्यांनी केलं, तेही जिलेबीवरून.

पुढे मुलाने सुरतेला धंदा थाटला, तिथे फ्लॅट घेतला आणि इथलं घर विकलं. निघताना जिजी रडली नाही. गाडीत बसली, काच खाली केली आणि हळूच विचारलं, "पाचवा मजलावर माशी चढस का, भाऊ?" एरवी ती कुणाला काही विचारत नसे, सांगत असे. "चढते की," मी म्हटलं. मला कुठलं ठाऊक? जे तोंडाला आलं ते ठोकून दिलं.

नव्या मालकाने महिन्याभरात पट्टी उखडून फरशी बसवली. जिजीचा फोन नाही, काही नाही. सुनेला विचारलं तर म्हणाली, गॅलरीत कुंड्या मांडल्यात, दिवसभर तिथेच बसतात, जेवायला हाका माराव्या लागतात. मला आपल्या थापेची धास्ती वाटायला लागली.

मग एका सकाळी फोन वाजला. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"उनी," जिजी म्हणाली.

"कोण आली?"

"माशी. सब्जावर बठेल शे."

आणि गाव सोडताना न रडलेली ती बाई फोनवर हमसून हमसून रडायला लागली. मीही चहा बाजूला ठेवला आणि पोटभर रडून घेतलं.