प्रसादानं थांबवलेलं ऑपरेशन

त्या महिन्यात माझं आणि रामाचं बिनसलं होतं. मी भूलतज्ज्ञ आहे. जालना जिल्ह्यातल्या ज्या दवाखान्यातून बोलावणं येईल तिथे जाऊन ऑपरेशनच्या रुग्णांना भूल देते. जांबच्या राममंदिरात जायची आमच्या घरची रीत माझ्या जन्माच्याही आधीची, त्यामुळे मनातल्या मनात रामाचं नाव घेतल्याशिवाय मी कुणालाही भूल दिलेली नाही. पण शेजारच्या तालुक्यात माझ्या एका मैत्रिणीच्या दवाखान्यावर दगडफेक झाली. रुग्ण वाचण्यासारखा नव्हता, तिने जीव तोडून प्रयत्न केले होते, आणि तरी लोक तिच्या अंगावर धावून गेले. ती दवाखान्याला कुलूप लावून माहेरी निघून गेली. मी तडक जांबला गेले, रामासमोर उभी राहिले आणि स्पष्ट विचारलं, माणसं वाचवणाऱ्यांना तू सांभाळत नाहीस, तर सांभाळतोस तरी कुणाला? आजूबाजूच्या बायका वळून बघायला लागल्या. मी तणतणत परत आले.

मैत्रिणीचं ते पाहिल्यापासून मी मनाशी ठरवलं होतं, की यापुढे वाईटपणा घ्यायचा नाही. आमच्या कामात वाईटपणा घ्यावा लागतो तो थांबवण्याचा. रक्तदाब बरा नाही, आज नको. खोकला आहे, आठवडाभराने या, असं म्हणणारा माणूस कुणालाच आवडत नाही. रुग्णाला नाही, सर्जनला नाही आणि दवाखान्याच्या मालकाला तर नाहीच. दोन-चार वेळा 'नको' म्हटलं, की तिथून फोन येणं हळूहळू बंद होतं आणि ते दुसऱ्या भूलतज्ज्ञाला जायला लागतात. माझे यजमान बँकेत आहेत. त्यांनाही काळजी. म्हणायचे, "तू हो म्हण, काम कर आणि सुखरूप घरी ये. जगाचा मक्ता तू घेतलायस का?" मला ते पटायला लागलं होतं, आणि पटतंय याचा रागही येत होता.

अशातच हसनाबादच्या एक आज्जी पित्ताशयातल्या खड्यांच्या ऑपरेशनसाठी आल्या. नाव गिरजाबाई. सोबत मुलगा, सुना, पुतणे, शेजारी, अशी जीपभर माणसं. आज्जी हसतमुख आणि बोलक्या. सकाळी तपासताना मी नेहमीचा प्रश्न विचारला, रात्रीपासून काही खाल्लं-प्यायलं का? "न्हाई माय, बिलकुल उपाशी हाय. पाणीबी न्हाई घेतलं," त्या म्हणाल्या. मुलानेही मान डोलावली. पोटात अन्न असताना पूर्ण भूल दिली, तर ते उलटून फुफ्फुसात उतरू शकतं आणि माणूस दगावू शकतो. म्हणून हा प्रश्न आम्ही पुन्हा पुन्हा विचारतो. उत्तर ठाम होतं आणि मी पुढच्या तयारीला लागले.

आज्जींना टेबलावर घेतलं, सलाईन सुरू होतं, सर्जन सर हात धूत होते. मी भुलेच्या औषधाची सिरिंज जोडली आणि नेहमीसारखं नाव घेतलं. फक्त त्या दिवशी ते मोठ्याने निघालं. एवढ्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. आत साठलेला राग असेल, थकवा असेल, मला सांगता येत नाही. आज्जींनी मिटलेले डोळे उघडले आणि त्यांचा चेहरा खुलला. सलाईन लावलेला हात तसाच दुसऱ्या हाताला जोडत त्या हळूच म्हणाल्या, "तुमीबी रामाच्याच का? मंग मला कसली भीती! माझ्या भावानं काल जांबला अभिषेक केल्ता माझ्यासाठी. पहाटंच डबा घेऊन आल्ता. आत्ता यायच्या आधी पोटभर प्रसाद खाऊन आल्ये म्या."

माझा अंगठा सिरिंजवर होता. आज्जींचं बोलणं मला सोडून कुणालाही ऐकू गेलं नव्हतं. सिस्टर पाठमोऱ्या होत्या, नळ चालू होता. खोटं कशाला बोलू, क्षणभर वाटलं, आपण ऐकलंच नाही असं धरावं. पुष्कळदा काही होतही नाही, निभावून जातं. बाहेर जीपभर माणसं, आत घाईतले सर्जन, आणि मी तर 'हो' म्हणायचं ठरवूनच आलेली. पण आज्जी माझ्याकडे अशा काही विश्वासाने बघत होत्या, की जांबला रामापुढेही मी कधी तसं बघितलं नव्हतं. मी सिरिंज काढून ट्रेमध्ये ठेवली आणि म्हणाले, "थांबा. आज्जींनी सकाळी प्रसाद खाल्लाय. आज हे ऑपरेशन होणार नाही."

सर चिडले. "मॅडम, प्रसाद म्हणजे चमचाभर असेल," म्हणाले. आज्जींना ते अपमानास्पद वाटलं. "चमचाभर कसला! माझा भाऊ एवढ्या लांबून शिरा आणतो, तुपानं थबथबलेला. वाटी पुसून खाल्ली म्या," त्या म्हणाल्या. पित्ताचे खडे आणि वर वाटीभर साजूक तूप! सरांनी नळ बंद केला आणि हात पुसून टाकले. आज्जी माझ्याशी खोटं बोलल्या नव्हत्या. त्यांच्या हिशेबी प्रसाद हे खाणं नव्हतंच, आणि त्यांच्या जीपभर माणसांपैकी एकाच्याही हिशेबी नव्हतं. खरं सांगायचं तर आमच्या घरीही नसतं.

बाहेर जाऊन सांगायचं काम सरांनी माझ्यावर सोडलं. मुलगा एकदम उसळला. "मॅडम, तुमी रामाच्या प्रसादाला खाणं म्हणून राह्यल्या का? सगळे कामधंदे टाकून आलोत आमी!" माणसं उठून जवळ आली. मला मैत्रिणीच्या दवाखान्याच्या फुटलेल्या काचा दिसायला लागल्या. पण सगळ्यात जास्त लागलं ते आज्जींच्या भावाचं बोलणं. म्हातारा माणूस, कपाळाला बुक्का, हातात तो रिकामा डबा. रागावले नाहीत, फक्त विचारलं, "माझा प्रसाद माझ्या बहिणीला बाधंल म्हणता, ताई?" मी रामाचीच लेक, आणि यांना काय उत्तर देऊ?

तेवढ्यात बाकावरून एक गृहस्थ उठले. जुन्या जालन्यातले कापडाचे व्यापारी, मेहंदी लावलेली दाढी. त्यांच्या बेगमचं ऑपरेशन आज्जींच्या नंतर होतं. माझी त्यांची ओळखदेख काही नाही. ते त्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "भाऊ, आमचा रोजा असतो. दिवसभर घोटभर पाणी न्हाई. मंग अल्लाचं नाव घेऊन एक खजूर तोंडात टाकला, की रोजा सुटला. नाव देवाचं आहे, पण पोटात तर गेलंच ना? बाई बराबर बोलून राह्यल्या." मग भावाकडे वळून अदबीने म्हणाले, "प्रसाद बाधत न्हाई, चाचा. आजचा दिवस फक्त प्रसादाचा समजा, ऑपरेशन उद्याचं." आणि वर हसून, "आमच्या बेगम खऱ्या उपाशी हायेत, जल्दी त्यांना घ्या, न्हाईतर त्या मला खातील." आधी एक सून हसली, मग सगळेच. आज्जींचे भाऊ डब्याकडे बघत हळूहळू मान डोलावत राहिले. माणसं एकेक करून खाली बसली.

त्या व्यापाऱ्यांच्या बेगमला आम्ही लगेच आत घेतलं. आज्जींचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी, खऱ्या उपाशीपोटी, निर्विघ्न पार पडलं. आदल्या दिवशी भूल दिली असती तर काय झालं असतं, हे मला माहीत नाही. कदाचित काहीच झालं नसतं. जे घडलंच नाही त्याचा पुरावा दाखवता येत नाही, आणि आम्हा भूलतज्ज्ञांचं सगळं आयुष्य अशा न घडलेल्या गोष्टींत जातं. माझ्या तोंडून ते नाव त्याच दिवशी मोठ्याने का निघालं, तो अनोळखी माणूस नेमका त्याच बाकावर का होता, हेही मी कुणाला सिद्ध करून दाखवणार नाही. मी एवढंच सांगते, की मी रामाकडे रक्षण मागत होते तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर फक्त मी आणि माझी मैत्रीण होतो. त्याच्यासमोर गिरजाबाईही होत्या. आणि त्यांना राखायला त्याने माझं तोंड वापरलं, याचा मला अभिमान वाटतो. लपवत नाही, चांगला वाटतो.

घरी जायच्या दिवशी आज्जींच्या माणसांनी शाल-श्रीफळ आणलं. सर मध्ये, भोवती सगळे, मुलाने मोबाईल सरसावला. अशा फोटोत आम्ही नसतो, त्यामुळे सिस्टरना 'येते' म्हणून मी सवयीने बाजूने निघाले होते. मास्क नसल्याने मुलाने मला ओळखलंही नाही. पण आज्जींनी आवाजावरून ओळखलं. "ए, शाल आण इकडं," त्या मुलाला म्हणाल्या. तो गोंधळला, "आई, ऑपरेशन सरांनी केलं." आज्जींनी माझं मनगट घट्ट धरलं. "कापलं त्यांनी. राखलं हिनं," त्या म्हणाल्या. सर स्वतः बाजूला सरकले आणि टाळ्या वाजवायला लागले.

भीती गेली असं मी म्हणणार नाही. आजही कुणाच्या नातेवाइकांना 'आज नको' सांगायला बाहेर जाताना माझ्या काळजात धस्स होतं. शरण जाणं म्हणजे भीती संपणं, असं मी समजत होते. आता दार उघडते, जे सांगायचं ते सांगते, आणि पुढचं त्याच्यावर सोडते. फोन यायचे कमी झाले का, असं यजमानांनी मध्यंतरी विचारलं. झाले थोडे. पण परवा एका दवाखान्यातून मुद्दाम मलाच बोलावणं आलं. आज्जींचं ऑपरेशन करणाऱ्या त्याच सरांच्या पत्नीचं ऑपरेशन होतं आणि सरांनी सांगितलं होतं, भूल द्यायला त्या थांबवणाऱ्या मॅडमच हव्यात.