मासिकात वाचलेलं प्लास्टिक

अल्लीपूरच्या बाजारात एक म्हातारा निंबूची रोपं विकायचा, तीही पळसाच्या द्रोणात. द्रोणासकटच लावायची, मुळं पानापर्यंत पोचेतो पानाची माती झालेली असे. रोप देण्याआधी तो बुडाशी अंगठा दाबून ओल पाहायचा, मगच हात पुढे करायचा.

मी विज्ञानाचा मास्तर. मातीतले जंतू खाऊन संपवतील असं प्लास्टिक निघाल्याचं मी मासिकात वाचलं होतं. म्हणून वर्ध्याहून काळ्या पिशव्यांतली बारा रोपं आणली आणि पिशव्यांसकट पुरली. आपल्या पिशव्या त्याच जातीच्या आहेत का, हे विचारायचं राहिलं.

रोपं माना टाकू लागली तेव्हा म्हाताऱ्याला घरी आणलं. त्यानं एक उकरलं. पिशवी कोरी करकरीत, आत मुळांचं वेटोळं.

"काऊन पुरली थैली?"

मी जंतूंचं सगळं समजावलं. त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मासिक तुमी वाचलं, गुरुजी. त्या किड्यायनं कुठं वाचलं?"

"जगतील का?"

"पाहू."

त्यानं बाराही पिशव्या ब्लेडनं फाडून मुळं मोकळी केली. सात रोपं जगली. उरलेली पाच विज्ञानासाठी गेली, असं मी वर्गात सांगितलं.